कंपनीचे टायर आणि भाड्याचा हिशेब

नवी गाडी घ्यायला निघालेला आपला व्यापारी बंधू शोरूममध्ये बरेच काही विचारतो. ॲव्हरेज किती, हप्ता किती, सर्व्हिसिंग किती वेळा फुकट. टायर किती चालतील, हे मात्र क्वचितच विचारतो. आणि विचारलेच तर "कंपनीचे आहेत, चिंता नको" या उत्तरावर समाधान मानतो. आमच्या मते छोट्या मालगाडीच्या धंद्यात पहिली गळती इथूनच सुरू होते.

कुही तालुक्यापुरते पाहू. नागपूर-नागभीड ही छोटी रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हा तिचा भार रस्त्यावर आला. मांढळची मिरची असो, बाजाराला जाणारे कापड, बांगड्या, भांडी असोत की बकऱ्या, सारे काही छोट्या टेम्पोवर चढते. टाटा एस ही गाडी २००५ मध्ये आली आणि लोकांनी तिचे नाव 'छोटा हाथी' ठेवले. या नावानेच थोडा घात केला, असे कधी कधी वाटते. हत्ती म्हटल्यावर किती लादावे याला सीमा राहत नाही.

आता कागद-पेन्सिल घ्या. कुही ते नागपूर साधारण ४० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८०. महिन्यात २५ फेऱ्या धरल्या तर २,००० किलोमीटर, वर्षाचे २४,०००. कंपनीचा संच ४० हजार किलोमीटर चालला असे समजा. हे चांगले चालणे झाले, तक्रारीला जागा नाही. तरीही तो २० महिन्यांत संपला आणि कर्जाचे हप्ते तर चार वर्षांचे आहेत! म्हणजे हप्ते फिटेपर्यंत दोन संच घ्यावे लागणार. संचाला १६ हजार धरले तर ३२ हजार रुपये. हेच टायर जादा मालामुळे २५ हजारांतच घासले तर चार वर्षांत तीन संच, म्हणजे ४८ हजार. हे वरचे १६ हजार कोणी दिले? ज्याने "आणखी चार पोती टाकून दे" म्हटले त्याने नव्हे, गाडीमालकाने दिले. प्रत्येक फेरीला टायरचे ३२ रुपये आधीच खर्ची पडलेले असतात. जादा माल असेल तर ५१. हे भाड्यात धरणारे किती निघतील?

कंपनीचे टायर बाजारातल्या टायरपेक्षा लवकर का घासतात, अशी तक्रार पुष्कळांची असते. त्यात तथ्य आहे, पण लबाडी असतेच असे नाही. गाडी बनविणारा कारखाना टायर निवडताना मायलेज चांगले यावे, गाडी हलकी राहावी, आवाज कमी व्हावा, हे पाहतो. त्यासाठी अनेकदा टायरची नक्षी थोडी उथळ ठेवली जाते. दुकानात बदली टायर घेणारा मात्र जास्त टिकणारा माल मागतो. गरज वेगळी, म्हणून माल वेगळा. शिवाय छोट्या चाकाला तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घ्यावे लागतात, हेही विसरू नये.

खरा शत्रू मात्र हवा आहे, म्हणजे हवेची कमतरता. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी, हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे आणि तो अगदी उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, पुन्हा सुटते. त्यातून आतली उष्णता वाढते. वरून नागपूरचे ४५ अंशांचे ऊन, खाली तापलेली सडक आणि पाठीवर जादा माल. टायर फुटतो तो असा. कारखान्याने गाडीवर लिहिलेले पौंड सकाळी टायर थंड असताना भरावेत. दुपारी तापल्यावर काटा वर चढलेला दिसतो; तो पाहून हवा सोडू नये. (नायट्रोजनसाठी जादा पैसे मागणाऱ्याला सांगा की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.)

टायर वयानेही म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२५ असेल तर २०२५ सालचा २३ वा आठवडा. गाडी ताब्यात घेताना स्टेपनीसह पाचही टायरचे हे आकडे वाचावेत. टायरची हमी सहसा गाडीच्या कंपनीची नसते, टायर बनविणाऱ्याची असते. तीही कारखान्यातल्या दोषापुरती, आणि भरपाई उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात. म्हणून कागद आणि पक्के बिल जपून ठेवावे.

कायद्याने चारचाकीची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली आणि दुचाकी-तीनचाकीची ०.८ च्या खाली जाऊ देऊ नये. खाचांमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशावरच टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठविल्या. कुही-उमरेडकडे असा तपास नाही, म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

पंक्चर आणि जुन्या टायरच्या धंद्यातील आपल्या कारागीर बंधूंशीही एक स्पष्ट बोलायचे आहे. घासलेल्या टायरवर गरम पात्याने नवी नक्षी कोरून तो 'चांगला' म्हणून विकणे हा ऐब लपविणे आहे. त्यात एखाद्या घरचा कमावता जातो. चांगल्या सांगाड्याच्या ट्रक टायरवर रीतसर रबर चढविणे वेगळे. तो प्रामाणिक हुनर आहे. कोरीव टायरला आपल्या दुकानातून साफ नकार मिळाला पाहिजे, मग गिऱ्हाईक शेजारी गेले तरी चालेल.

त्याऐवजी एक चांगला हवेचा काटा घ्या. दर आठवड्याला सकाळी हवा तपासून देणे, आठ-दहा हजार किलोमीटरला चाके अदलाबदल करून देणे, गाडीमागे एक वही ठेवणे, याचे महिन्याचे ठरावीक पैसे घ्या. २५ हजारांत संपणारा संच ३५ हजारांपर्यंत गेला तर गाडीमालक ते पैसे खुशीने देईल.