सहा ते आठ : हे दोन तास एकट्या आईचे नाहीत



संध्याकाळी सहाच्या सुमाराला आपल्या वस्तीतल्या कुठल्याही किराणा दुकानासमोर दहा मिनिटं उभं राहून बघा. पाच-दहाचं नाणं मुठीत घेऊन पोरं येतात. कुणी अजून गणवेशात, कुणी धाकट्या भावाला कडेवर घेऊन. सगळ्यांना एकच हवं असतं, दुकानाच्या दारात माळेसारखं लटकवलेलं पाकीट. आई कामावरून आलेली नसते, बाबांची ड्यूटी आठला सुटते. पोरं पाकीट फोडतात, खातात आणि वर पाणी पितात. साडेसातला आई येते, पाणी भरते, भांडी घासते, गॅस पेटवते. नऊला ताट वाढते तेव्हा पोरगं म्हणतं, "भूक नाही."

हीच आई मग दवाखान्यात येऊन सांगते, "सिस्टर, हा काही खातच नाही."

नर्सिंगचा डिप्लोमा करून मी बरीच वर्षं दवाखान्यात काम केलं. अशा आईच्या हातात मी एक छापील कागद द्यायचे. त्यावर दूध, पनीर, फळं, सुकामेवा असं लिहिलेलं असायचं. एकदा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका बाईने तो कागद नीट वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि शांतपणे विचारलं, "सिस्टर, कागद चांगला आहे. पण मी घरी पोचते साडेसातला. हे करू कधी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "जरा लक्ष द्या मुलाकडे," एवढं बोलून मी पुढचा नंबर पुकारला. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. त्या काळात रात्रपाळी करून आल्यावर मी स्वतःच्या लेकीला चहात बुडवलेली बिस्किटं देऊन झोपत होते. मला सगळं माहीत होतं, तरी मी तेच करत होते. माहिती असली तरी वेळ आणि हात कमी पडले की असंच होतं.

म्हणून आज आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मूल पाकिटावर वाढतंय यात आईचा आळस नाही. पण त्याचा परिणाम मुलाच्या अंगावर दिसतो, हेही खरं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या सुमारे ६९ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होतं. असं मूल लवकर दमतं, सारखं आजारी पडतं, वर्गात बसून पेंगतं. आपण त्याला "अभ्यासात लक्ष नाही" म्हणून रागावतो. "शिका" हा बाबासाहेबांचा पहिला शब्द आपण भिंतीवर लिहिला, पण शिकायला लागणारं रक्त ताटातून येतं.

आधी सहा वाजताची भूक

आपण रात्रीच्या जेवणाचा विचार करतो, पण चूक त्याच्या आधी होते. मुलाला खरी भूक सहाला लागते. त्या वेळी हाताशी काही नसेल तर पाकीटच येणार. त्यामुळे घरातून निघतानाच सहा वाजताचा डबा भरून ठेवा. एक उकडलेलं अंडं, किंवा गूळ-शेंगदाण्याचं कूट लावून गुंडाळलेली चपाती, फुटाणे-गूळ, केळं, राजगिऱ्याचा लाडू. यातलं काहीही एक चालेल. सांभाळणाऱ्या आजीला किंवा शेजारच्या मावशीला सांगून ठेवा, की आधी डबा, मग खेळ.

एक सावधगिरी मात्र बाळगा. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून किंवा दळून द्या.

हिशेबही करून बघा. दोन मुलांना रोज पाच-पाच रुपयांचं एकेक पाकीट म्हटलं तर महिन्याला तीनशे रुपये होतात. अंडं सात-आठ रुपयांना धरलं तरी तेवढ्यात जवळपास चाळीस अंडी येतात. पाकिटातून मिळतं मीठ, तेल आणि मैदा किंवा मक्याचं पीठ. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. पैसे आपण आजही खर्च करतोच आहोत, फक्त चुकीच्या जागी.

रविवारचा एक तास

रोज संध्याकाळी दारात पाय ठेवल्यावर "आज काय करू?" हा प्रश्न सुरू झाला की अर्धा तास तिथेच जातो. हा प्रश्न आठवड्यातून एकदाच सोडवायचा. रविवारी विहारातून वंदना करून आलात की घरातल्या सगळ्यांनी मिळून एक तास बसा. शेंगदाणे भाजून कूट करा. लसूण सोलून ठेवा. सुकट निवडून, तव्यावर कोरडी भाजून डब्यात भरा. डाळी-तांदूळ निवडून घ्या. मराठवाड्यातून आलेल्या घरांमध्ये येसर असतोच. तो आजीकडून करून घ्या, दहा मिनिटांत आमटी होते. मग आठवड्याचे सात पदार्थ एका कागदावर लिहून गॅसच्या वर भिंतीला चिकटवा. फ्रिज नसलेल्या घरात चालेल असा एक आठवडा देते. तुमच्या सोयीने बदला.

सोमवार : मूगडाळीची खिचडी. कुकरमध्येच लाल भोपळा किंवा पालक टाका, वरून लिंबू पिळा.

मंगळवार : मटकीची उसळ. मटकी सोमवारी सकाळी कामाला निघताना भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधा. मंगळवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात.

बुधवार : अंड्याची भुर्जी किंवा अंड्याचा रस्सा आणि भात.

गुरुवार : पिठलं, त्यात मेथी किंवा शेवग्याचा पाला. पंधरा मिनिटं पुरतात.

शुक्रवार : कांदा-टोमॅटोत परतलेली सुकट आणि वरण-भात. सुकट धुऊन घ्या आणि मीठ बेताने टाका.

शनिवार : एकाच कुकरमध्ये दोन डब्यांत डाळ आणि भात. धुतलेलं रताळं किंवा बटाटा त्याच कुकरमध्ये उकडून निघतो. गॅसही वाचतो.

रविवार : परवडेल तशी कलेजी, कोंबडी किंवा मासे. कलेजीत लोह भरपूर असतं. लहान मुलाला आठवड्यातून एकदा दोन-तीन तुकडे पुरे, पण पूर्ण शिजलेले.

चपात्या सकाळीच दोन्ही वेळच्या करून फडक्यात गुंडाळून ठेवा, काही बिघडत नाही. भात मात्र संध्याकाळी ताजा लावा. उरलेला भात उकाड्यात तासन् तास बाहेर राहिला तर तो मुलांना देऊ नका. पोट बिघडतं, आणि पुन्हा गरम केल्याने दर वेळी तो धोका जात नाही.

लहान बाळासाठी वेगळं रांधायची गरज नाही. सहा महिने पूर्ण झाले की तिखट घालण्याआधी त्याचा वाटा बाजूला काढा, चमच्याने घोटा आणि वर अर्धा चमचा तेल किंवा तूप टाका. बाळ मोठं होईल तसं आईच्या दुधाबरोबर वरचं जेवण वाढवत न्या. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा पाऊण ते एक वाटी जेवण लागतं. अजूनही पुष्कळ घरांत बाळाला वरणाचं वरचं पाणी पाजतात. पाण्याने पोट भरतं, अंग भरत नाही. खालची घट्ट डाळ द्या. आणि जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा नको, मुलांना तर मुळीच नको. चहामुळे अन्नातलं लोह अंगाला नीट लागत नाही. लिंबू, आवळा, पेरूने ते चांगलं लागतं.

आपल्या ताटाची लाज नको

वर सुकट आणि कलेजी लिहिताना मला काही चेहरे आठवले. "ताई, सुकटीचा वास येतो, शेजारचे नावं ठेवतात." "मुलगी म्हणते डब्यात अंडं देऊ नको, मैत्रिणी लांब बसतात." ही लाज आपली नाही, ती आपल्यावर लादलेली आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं खाणं न लपवता लिहिलं. ते वाचताना मला माझ्या आजीचं स्वयंपाकघर आठवलं. कुणी आपल्या विचाराने मांसाहार सोडला असेल तर त्याचा मान आहेच. त्यांनी डाळ, मटकी, चवळी, शेंगदाणे वाढवावेत. पण दुसऱ्याने नाक मुरडलं म्हणून मुलाच्या तोंडचं अंडं काढून पाकीट देणं, यात कसला मोठेपणा?

सरकारनेही हेच केलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडं द्यायचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला आणि हवं असेल तर लोकवर्गणीतून द्या असं शाळांना सांगितलं. ज्या वस्तीत भाड्यासाठी उसने घ्यावे लागतात तिथे वर्गणी कोण देणार? शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात. त्यांनी बैठकीत हा प्रश्न लावून धरला पाहिजे. अंगणवाडीचंही तसंच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी नेण्याचा आहार आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला गरम ताजं जेवण हा हक्क दिला आहे. तो मागताना मान खाली घालायची गरज नाही.

आणि घरातले पुरुष?

आता दादांनो, तुमच्याशी बोलते. वरचं सगळं वाचून तुम्ही पान बायकोच्या हातात दिलंत, तर हा लेख फुकट गेला.

तिचीही ड्यूटी आठ-दहा तासांचीच असते. तीही लोकलला लटकत, नाहीतर पायी येते. तरी घरात पाऊल टाकल्यावर तुम्ही मोबाइल घेऊन बसता आणि ती ओट्याकडे वळते. कुकर लावायला, अंडी उकडायला, कांदा चिरायला कुठलं शिक्षण लागतं? १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडलं, की कष्टकरी आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे. आईचं थकणं हा तिचा खासगी प्रश्न आहे असं त्यांनी मानलं नाही. आपण मात्र त्यांच्या फोटोखाली बसून तेच मानतो.

आणि बाप हलला नाही तर काय होतं तेही बघा. ते ओझं थोरल्या मुलीवर पडतं. दहा-अकरा वर्षांची पोर शाळेतून येते, भांडी घासते, तांदूळ धुते, धाकट्याला भरवते. तिच्याहून वर्षाने मोठा भाऊ मैदानात क्रिकेट खेळत असतो. आपण कौतुकाने म्हणतो, "आमची मुलगी घर सांभाळते." मी अशा मुली नववीत शाळेतून गळताना पाहिल्या आहेत. आईचे दोन तास वाचवायला आपण मुलीची वर्षं खर्च करतो. म्हणून भिंतीवरच्या कागदावर पदार्थापुढे नावही लिहा. बुधवारची भुर्जी बाबांची, रविवारी शेंगदाणे भाजायचे मुलाने. ज्याची ड्यूटी आधी सुटेल त्याने कुकर लावायचा.

विहारात काय करता येईल

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातली एक गोष्ट आहे. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला. तो शोधत फिरण्यात त्याचा दिवस गेला आणि तो उपाशीपोटीच धम्म ऐकायला आला. भगवान बुद्धांनी उपदेश थांबवून ठेवला, त्याला आधी जेवू घालायला सांगितलं आणि मग धम्म सांगितला. उपाशी माणसाला उपदेश करायचा नसतो, हे आपल्याला अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून झालं आहे.

अनेक विहारांत संध्याकाळी मुलांची अभ्यासिका भरते. तिची वेळही बहुधा हीच, सहा ते आठ. तिथे पाढ्यांच्या आधी प्रत्येक मुलाच्या हातावर अंडं, केळं किंवा कूट-गुळाचा लाडू पडला पाहिजे. गल्लीतल्या पाच घरांनी एकेक दिवस वाटून घेतला तर सोमवार ते शुक्रवार सुटतो. आणि १४ एप्रिलला मुलांना खाऊ म्हणून पाकिटं वाटणं आता थांबवूया. तेवढ्याच पैशात चिक्की येते, केळी येतात.

त्या बाईने मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. "हे करू कधी?" असं तिने विचारलं होतं. आज ती भेटली तर मी कागद देणार नाही. तिच्या नवऱ्याला बोलावून घेईन आणि आधी त्याला विचारीन, "दादा, तुमची ड्यूटी किती वाजता सुटते?"

जय भीम, नमो बुद्धाय.