विहिरीच्या तळाशी साइन

‘साइन क्ष भागिले क्ष’ फळ्यावर लिहायचे, क्ष अनंताकडे न्यायचा आणि वर्गाला सीमा विचारायची. अकरावीच्या वर्गातून उत्तर येते, ‘एक!’ शून्याकडे जाताना एक येते हे मुलांनी इतके घोकलेले असते की बाणापुढे शून्य आहे की अनंत, तिकडे नजरच जात नाही. मग नुसत्या साइन क्षची सीमा विचारावी. आपल्या यवतमाळकडचा एखादा मुलगा चाचरत म्हणतो, “मायनस एक ते एकच्या मधात कुठंतरी असन न, सर?”

आपण बहुतेक जण इथे ‘सीमा अस्तित्वात नाही’ असे लिहून पुढच्या गणिताकडे वळतो. सीईटी तोंडावर असते, भाग संपवायचा असतो. पण त्या ‘मधात कुठंतरी’ला तेवढे उत्तर पुरत नाही. मुलाने फलाची व्याप्ती अचूक ओळखली आहे. सीमा म्हणजे एकच ठिकाण आणि फलाने शेवटी तिथेच राहिले पाहिजे, एवढेच त्याला उमगलेले नाही. त्याला दोन वाटांनी न्यावे. पायच्या पूर्ण पटींवरून चालले तर साइन दर वेळी शून्य. दुसऱ्या वाटेवर दर २ पायनंतर, पण अर्धा पाय पुढून पावले टाकली तर दर वेळी एक. दोन्ही वाटा अनंताकडेच जातात आणि मुक्काम वेगवेगळे. मग सीमा कोणती म्हणणार? हा प्रश्न मुलालाच पडू द्यावा आणि त्यासाठी दहा मिनिटे थांबावे.

याहून चांगले उदाहरण आपल्या वावरात आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा खोल विहिरीचे पाणी गार लागते. डिसेंबरच्या पहाटे तेच पाणी कोमट वाटते आणि त्यातून वाफ निघताना दिसते. जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान वर्षभर सरासरीच्या वरखाली हेलकावत राहते. खाली जावे तसा हेलकावा घातांकी वेगाने विरतो. जोसेफ फूरिए यांनी १८२२ च्या आपल्या उष्णतेवरील ग्रंथात हा प्रश्न हाताळला आहे. सूत्र सोपे आहे: सरासरी, अधिक विरत जाणारा घातांक गुणिले साइन. इथे दोन चल आहेत आणि शिकवण्याजोगी गंमत त्यातच आहे. एकाच खोलीवर थांबून काळ अनंताकडे नेला तर सीमा नाही; उन्हाळे-हिवाळे येतच राहतात. एका क्षणी थांबून खोली वाढवत नेली तर सीमा आहे, आणि ती म्हणजे वर्षाची सरासरी.

आकडे घालून पाहावे. पृष्ठभागावरचा वार्षिक चढउतार सरासरीच्या दोन्ही बाजूंना ८ अंश धरू आणि दर अडीच मीटरला तो ‘ई’पटीने कमी होतो असे मानू. चढउतार एक दशांश अंशाच्या आत हवा असेल तर सुमारे ११ मीटर खाली जावे लागते. एक शतांश हवा असेल तर १७. एप्सिलॉन तुम्ही सांगा, खोली मी सांगतो. सीमेची व्याख्या हीच आहे, आणि विहिरीच्या काठावर ती भीतीदायक वाटत नाही. (प्रत्यक्षात फार खोल गेल्यावर पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापमान किलोमीटरमागे २५-३० अंशांनी चढत जाते. म्हणून हे ‘अनंत’ दहा-पंधरा मीटरांतलेच, हेही मुलांना सांगावे.) सँडविच प्रमेय यात आपोआप येते: साइन काहीही करो, वरचा आणि खालचा घातांक त्याला दाबून सरासरीवर आणतात. साइन क्ष भागिले क्षची सीमा शून्य का, याचे कारणही हेच.

पण ‘साइन आहे म्हणजे सीमा नाही’ असा नवा घोकंपट्टीचा नियम मुलांच्या हाती लागू नये. क्ष अधिक साइन क्ष बिनधोक अनंताकडे जाते, कारण ते क्ष वजा एकच्या खाली कधी येत नाही. क्ष गुणिले साइन क्ष मात्र कितीही पुढे गेले तरी पुन्हा पुन्हा शून्याला येऊन टेकते, म्हणून त्याला ‘अनंत’ म्हणता येत नाही. क्लासमधून लॉपिताल शिकून आलेल्या मुलांना तर ‘क्ष अधिक साइन क्ष, भागिले क्ष’ द्यावेच. विकलजांचे गुणोत्तर एक अधिक कोसाइन क्ष येते. ते स्थिरावत नाही, म्हणून मुले ‘सीमा नाही’ लिहितात. प्रत्यक्षात सीमा एक आहे. लॉपितालचा नियम विकलजांच्या गुणोत्तराला सीमा असेल तेव्हाच बोलतो; ती नसेल तेव्हा तो गप्प असतो. त्या गप्प राहण्याला आपण नकार समजतो, आणि ही चूक उत्तरपत्रिकांइतकीच आपल्या फळ्यांवरही दिसते.

या हिवाळ्यात एक करून पाहा. शाळेच्या आवारात १० सेंटिमीटर आणि एक मीटर खोल असे दोन खड्डे घ्या, तळाशी तापमापी ठेवून वरून माती लोटा आणि सकाळी सात व दुपारी तीनच्या नोंदी मुलांकडूनच आठवडाभर ठेवून घ्या. दिवसाचा हेलकावा वर्षाच्या हेलकाव्यापेक्षा सुमारे १९ पट लवकर विरतो, ३६५ च्या वर्गमुळाइतका. त्यामुळे एक मीटरवरची तापमापी सकाळ-दुपारला जवळजवळ हलणार नाही. आलेले आलेख आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी दोन पाने राखून ठेवली आहेत.