केरीचा किनारा, दुपारचा बालरथ आणि सेवेतून शिक्षण

पेडणे तालुक्यात तेरेखोल नदीच्या मुखाशी वसलेल्या केरी गावाची वाळू समुद्र वर्षानुवर्षे ओढून नेत आहे. सुरूची झाडे मुळासकट कोसळतात आणि धूप थोपवण्यासाठी रचलेल्या दगडांवर लाटा आदळत राहतात. गावातील शाळकरी मुले हे रोज पाहतात. मात्र वाळू कोणत्या महिन्यात जाते, किती परतते आणि कोठे ती मुळीच परतत नाही, हे प्रश्न त्यांच्या पाठ्यपुस्तकात नसतात. शाळेतील ज्ञान आणि डोळ्यांसमोरचे गाव यांतील हे अंतर कमी करण्याच्या मार्गाला आज ‘सेवेतून शिक्षण’ असे म्हटले जाते.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्धा येथे नयी तालीमची मांडणी केली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव आणि समाजसेवा यांना शिक्षणाचे अंग मानले. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हा विषय सुचवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचा दप्तरमुक्त काळ सांगितला असून, त्यात सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकणे अपेक्षित आहे. हेतू दर वेळी चांगला होता. पण परीक्षेच्या चौकटीत शिरताच विषय गुणांपुरता आणि वहीपुरता उरतो, हा अनुभवही दर वेळचाच आहे.

यातील खरी अडचण सेवा आणि शिक्षण यांची फारकत ही आहे. किनारा स्वच्छतेचा एक दिवस ठरतो, मुले हातमोजे घालून प्लास्टिक गोळा करतात, छायाचित्र निघते आणि उपक्रम संपतो. ही सेवा झाली, शिक्षण झाले नाही. तोच कचरा मुलांनी वजन करून वेगळा केला, पर्यटकांचा किती, मासेमारीच्या जाळ्यांचा किती, नदीतून वाहून आलेला किती याची दर महिन्याला नोंद ठेवली आणि वर्षअखेरीस ती पंचायतीपुढे ठेवली, तर त्याच श्रमातून गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय शिकता येतात.

असे घडू शकते याचा दाखला पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला. त्यातून आकारलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या विभागांत हाताने काम करतात. माती किंवा पाणी तपासून देण्यासारख्या सेवा गावाला मिळतात. काम खरे असते, म्हणून चूक झाली तर ती दुरुस्त करावी लागते. या पद्धतीचे बळ त्यात आहे.

केरीपाशी अशा कामाला विषयांची वाण नाही. वाळूच्या टेकड्या धरून ठेवणारी मर्यादवेल कोठे टिकली आणि कोठे तुडवली गेली, याचा नकाशा मुले करू शकतात. ठरलेल्या खुणेपासून भरतीच्या रेषेपर्यंतचे अंतर दर पंधरवड्याला मोजता येते. जवळच्या मांद्रे आणि मोरजी या किनाऱ्यांना २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने कासवांची विणीची ठिकाणे मानले आहे. तेथील रक्षणाचे काम समजून घेता येते. रापणकारांकडून वारे, प्रवाह आणि मासळी यांचे ज्ञान टिपून ठेवता येते. मोपा विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीत वाहतूक सुरू झाली आणि पेडण्यातील बदलांना वेग आला. अशा काळात गावाची नोंद गावातील मुलांच्या हाती असणे ही चैन नव्हे.

मग अडते कोठे? गोव्यातील बहुतेक शाळा दुपारी सुटतात. म्हणजे वेळ आहे. पण खेड्यातील मुलाची दुपार बालरथाच्या किंवा कदंबच्या वेळेला बांधलेली असते. शाळा सुटताच बस निघते. थांबणाऱ्या मुलाला घरी नेणारी दुसरी फेरी नसेल, तर उपक्रमाची निवड पालकांच्या दुचाकीवर ठरते. तेरेखोलच्या मुलाला तर फेरीबोटीची वेळही पाळावी लागते. शहरातील मुलाला बालभवन, क्रीडासंकुल, संगीतवर्ग हाताशी असतात. खेड्यात भजनाची पेटी आणि पखवाज यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांची संध्याकाळ घडवली. ती परंपरा मोलाची आहे, पण सारा भार तिच्यावर टाकता येणार नाही.

म्हणून सुरुवात नव्या परिपत्रकाने नव्हे, तर आठवड्यातून एक दिवस बसच्या उशिराच्या फेरीने व्हायला हवी. त्यासाठी इंधन आणि चालक-मदतनिसांच्या जादा वेळेचे मानधन लागेल. शिक्षकाचे हे तास त्याच्या कामाच्या तासांत धरावे लागतील. अन्यथा सेवा मुलांची आणि वेठ शिक्षकांची, असे होईल. पावसाळ्यात समुद्राजवळचे काम बंद ठेवून आधीच्या नोंदींचे विश्लेषण वर्गात करता येईल. शिवाय मुले ही फुकटची सफाई कामगार नव्हेत, ही मर्यादाही लेखी असावी.

सक्तीचा प्रश्नही उरतो. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने १९९२ साली शालान्त पात्रतेसाठी सेवेची अट घातली. तेथे ७५ तासांची सेवा लागते. तास मोजणे सोपे असते, पण तास भरले म्हणून मूल काही शिकले असे होत नाही. गोव्याने तासांऐवजी प्रश्न मोजावेत: वर्षाच्या शेवटी मुलाला आपल्या गावाविषयी असे काय सांगता येते, जे वर्षाच्या आरंभी कोणालाच ठाऊक नव्हते?

केरीच्या मुलांनी मोजलेल्या किनाऱ्याची वही ग्रामसभेत वाचली गेली, तर धुपीवरील चर्चेला आठवणींऐवजी आकड्यांचा आधार मिळेल. समुद्र दरवर्षी आपले काम करतोच. त्याची नोंद ठेवायला मुलांना दुपारचे दोन तास आणि घरी परतायला एक बस मिळावी, ही मागणी मोठी नाही.