फरक खरा की नमुन्याचा?

साप्ताहिक स्तंभ : आकडे आणि आरोग्य | सिंदी मेघे, जि. वर्धा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील वाढ खुंटलेल्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते. २०१९-२१ च्या फेरीत ते ३५.२ टक्के आले. यावरून कुपोषण वाढले असे म्हणता येईल का? माझ्या मते नाही. दोन्ही आकडे नमुन्यातून आलेले अंदाज आहेत. प्रत्येक फेरीत दहा हजार बालके मोजली असे धरले, तरी केवळ नमुन्यामुळे या फरकात सुमारे १.३ टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना संभवते. मग ०.८ टक्क्याच्या फरकावरून वाढ झाली असे सिद्ध होत नाही आणि परिस्थिती जैसे थे राहिली असेही सिद्ध होत नाही.

जिल्ह्याच्या पातळीवर नमुना खूपच लहान होतो. समजा, दोन जिल्ह्यांत प्रत्येकी २०० बालके तपासली आणि प्रमाण ३० व ३६ टक्के निघाले. फरक सहा टक्क्यांचा. पण त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे अंदाजाचा पट्टा, उणे तीन ते अधिक पंधरा असा येतो. त्यात शून्यही बसते, म्हणून कोणाला मागास ठरवणे अन्यायाचे आहे. बालके प्रत्येकी ६०० असती तर पट्टा ०.७ ते ११.३ झाला असता. महत्त्वाची बाब अशी की तेव्हाही दोन जिल्ह्यांचे स्वतंत्र पट्टे एकमेकांवर थोडे चढतात. म्हणून पट्टे चढले की फरक नाही, हा प्रचलित समज चुकीचा आहे; पट्टा फरकाचाच काढला पाहिजे. सर्वेक्षणात निवडक गावे-वस्त्यांतली घरे गटाने घेतली जातात, त्यामुळे प्रत्यक्षातला पट्टा याहून रुंद असतो.

अशी चिकित्सा कृतीला खीळ घालते, असा आक्षेप घेतला जाईल. पण तिनांतल्या एका बालकाची वाढ खुंटलेली असणे हेच कृतीला पुरेसे कारण आहे. चिकित्सा हवी ती श्रेय आणि दोष वाटताना. शिवाय ती खरे बदल झाकत नाही : याच दोन फेऱ्यांत राज्यातील स्त्रियांमधील रक्तक्षय ४८.० वरून ५४.२ टक्क्यांवर गेला, तो हजारो स्त्रियांच्या तपासणीतून आलेला फरक निव्वळ योगायोगाचा नाही. मोजणीच्या पद्धतीचे दोष मात्र कोणताही पट्टा दाखवत नाही. शिवाय नमुन्यात निवडकच गावे असतात, म्हणून वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेसारख्या गावाने जिल्ह्याचा आकडा आपला मानू नये. अंगणवाडीत नोंदलेल्या प्रत्येक बालकाचे वजन-उंची हाच त्याचा आधार. आणि जिल्ह्यांची क्रमवारी छापणाऱ्यांनी प्रत्येक फरकाशेजारी त्याचा पट्टाही छापावा.