जमीन रोज हलते, म्हणून भूकंप येतोच असं नाही

पाटण तालुक्यात भांडं वाजलं तरी माणूस दचकतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप इथं कुणी विसरलेलं नाही. पण जमीन एरवीही हलतच असते. समुद्राच्या लाटांचा दाब तळावर पडतो आणि दर काही सेकंदांनी येणारी बारीक थरथर दूरवर पोचते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की ती वाढते. पायाला कळत नाही, यंत्राला कळते.

या थरथरीत छोटे धक्के झाकले जातात. म्हणून अनेक ठिकाणी यंत्रं बसवतात. कंप कुठं आधी पोचला यावरून तो समुद्राकडून आला की इथल्याच जमिनीतून, हे कळतं.

तेव्हा ‘आलेख हलतोय, मोठा धक्का येणार’ असा मेसेज पुढं पाठवू नका. भूकंपाची तारीख आधी सांगणारं यंत्र जगात नाही. त्यापेक्षा घराची भिंत पक्की करा.