चंदेरी रंगाच्या विरुद्ध

वडिलांचा व्हाइस मैंदर्गीच्या घरात माळ्यावर वीस वर्षं पडून होता. व्हाइस म्हणजे फळी दोन जबड्यांत आवळून धरणारा सुताराचा तिसरा हात. मी तो खाली उतरवला, कसंबसं मिळवलेलं रॉकेल चोळलं, तारेच्या ब्रशनं गंज काढला आणि मग एक चूक केली. घरात विचारलं, "आता याला वरून काय लावू?"

लोखंडाला काय लावावं याविषयी मत नसलेला माणूस अक्कलकोट तालुक्यात अजून जन्मायचा आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, "चंदेरी रंग द्या, शोकेसमध्ये शोभेल." पुतण्या म्हणाला, "काका, स्प्रे मारा की सगळीकडून!" शेजारचे अप्पा (यांचं मराठी रागावल्यावर कानडी होतं) म्हणाले, "आधी रेड ऑक्साइड."

आता रेड ऑक्साइडमधला रंग म्हणजे लोहाचं ऑक्साइड, गंजाचा सख्खा चुलतभाऊ! घरचा फुकटचा गंज खरवडायचा आणि बाजारातला विकत आणून फासायचा. तरी न्यायानं बोलायचं तर बाहेरच्या अंगाला अप्पांचंच खरं. खाली अस्तर, वर ऑइल पेंट. शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचे व्हाइस निळे असत, ते काही शोकेससाठी नव्हे.

माझं भांडण 'सगळीकडून' या शब्दाशी आहे. स्क्रूच्या आट्यांत रंग भरला की जबडा अडून बसतो. सरकत्या दांड्यांवरचा रंग तर चार दिवसांत खरवडून निघतो. आट्यांत तेल थापलंत तर भुसा चिकटून चिखल होतो. तिथं थोडं मेण पुरे. आणि उघड्या लोखंडाला? मी करडईचं तेल लावलं. हो, आपल्या सोलापुरी करडईचं! शेंगतेल चिकट राहतं. करडई मात्र जवसासारखी हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू सुकते आणि पापुद्रा धरते. हेच तेल खूप तापवून पूर्वी रोगण करीत आणि चामड्याला लावीत. फक्त हात पातळ हवा, लावून पुसून घ्यायचं. तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा. आमच्या घरी त्या दिवशी तेवढंच पेटायचं राहिलं होतं.

राहिला फिरवायचा लाकडी दांडा. त्याला मी काहीही लावलं नाही. वडिलांच्या तळहातानं त्याला जी झिलई दिली आहे, ती कुठल्या डब्यात मिळते? तिच्यावर चंदेरी रंग फासायचा म्हणजे वडिलांचा हात झटकून टाकायचा. जुन्या वस्तूला नवं दिसायला लावणारे लोक तिला कामावरून काढून टाकतात, एवढंच माझं म्हणणं आहे.

परवा पोळपाटाचा निखळलेला पाय मी त्यात आवळून चिकटवला. सौभाग्यवतींनी पोळपाट उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "शोकेसमध्ये ठेवू नका हो हे. हाताशीच असू द्या."