गोदामातला संसार

मुंबईत इमारत रिडेव्हलपमेंटला गेली की बिल्डर पर्यायी घराचे भाडे देतो. त्या भाड्यात मिळेल तेवढ्या लहान जागेत कुटुंब जाते आणि उरलेला संसार, म्हणजे सागवानी पलंग, तांब्यापितळेची भांडी, काचेचे शोकेस, पुस्तकांची खोकी, भिवंडी-पनवेलकडच्या एखाद्या स्टोरेजमध्ये रवाना होतो. ‘दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे,’ असे त्या दिवशी सगळे म्हणतात. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासाचा करार २००८ साली झाला आणि घरासाठी त्यांना दीड दशकाहून अधिक काळ थांबावे लागले. उदाहरण टोकाचे आहे. पण ताब्याची तारीख पुढे सरकणे मुंबईकराला नवीन नाही. माझे मत असे की, ताबा अगदी हाताशी आलेला नसेल तर ते गोदाम रिकामे करावे.

यावर पहिला आक्षेप पैशांचा. हे सगळे पुन्हा घ्यायचे तर केवढ्याला पडेल? समजा, महिन्याचे भाडे ३,००० रुपये आहे. १८ टक्के जीएसटी धरून तीन वर्षांचे १,२७,४४० रुपये होतात. नेण्या-आणण्याचा टेम्पो आणि हमाली वेगळी. एवढ्या पैशांत जुने कपाट, सोफा, गाद्या आणि शोकेस नव्याने येऊन वर पैसे उरतात. शिवाय नव्या फ्लॅटच्या भिंतींची मापे वेगळी असतात; जुने शोकेस तिथे बसेलच असे नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. कुलूप आहे, कॅमेरा आहे. पण कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते आणि सत्तरच्या पुढे कागदाला, कापडाला बुरशी धरू लागते. बंद खोलीत वारा खेळत नाही. प्लायवूड फुगते, पुस्तकांना कसर लागते, फोटो एकमेकांना चिकटतात. एकाच घडीवर वर्षानुवर्षे पडून राहिलेली पैठणी त्या घडीवरच चिरते. तिला अधूनमधून उलगडून नवी घडी घालणारा हात लागतो. तो हात त्या खोलीत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. लोक म्हणतात, जुन्या वाड्यांतल्या माळ्यांवर पूर्वजांनी दप्तरे जपली नसती तर राजवाड्यांना काय सापडले असते? हे अगदी खरे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून घराघरांतून कागद मिळवत राहिले आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पण त्यांच्या कामामागची तळमळ कशातून आली? माळ्यावर कागद वाळवी खात होती, ओल लागत होती, रद्दीत दप्तरे जात होती, यातून. ती साधने टिकली ती बाहेर काढल्यामुळे, वाचल्यामुळे, छापल्यामुळे. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, तेही अशा कागदांना माणसांच्या नजरेखाली जागा मिळावी म्हणूनच. राजवाड्यांचे नाव घ्यायचे तर खोकी उघडण्याच्या बाजूने घ्यावे. आणि त्या माळ्याखाली कुटुंब राहत होते, हेही विसरू नये. भिवंडीच्या गाळ्याखाली कोणी राहत नाही.

मग ठेवायचे काय? कागद, फोटो, आजोबांची हस्ताक्षरातली वही, लग्नातली साडी: हे सगळे दोन ट्रंकांत मावते आणि भाड्याच्या घरातही पलंगाखाली राहते. मोडीतली पत्रे असतील तर वाचणाऱ्याला दाखवावीत. वाचून झालेली पुस्तके गावच्या वाचनालयाला विचारून द्यावीत. सागवानी पलंग नात्यातल्या ज्या घरात जागा आहे तिथे आजच जावा. त्यावर कोणी झोपले तर तो टिकेल. पितळेची भांडी लेकीसुनांनी वाटून घ्यावीत आणि वापरावीत.

हा निवाडा खोकी उघडायला गेलेल्या एकट्या माणसावर टाकू नये. भावंडांनी पाऊस सरल्यावर, करार नूतनीकरणाला येण्याआधी, एकत्र जाऊन करावा. तिथे कोणीतरी म्हणणारच की, टाकवत नाही. त्याचे म्हणणे मान्य करावे आणि ती वस्तू त्याच दिवशी त्याच्या घरी पोचवावी. त्याच्याकडे जागा नसेल, तर पुढच्या महिन्यापासून त्या वस्तूपुरते भाडे त्याने स्वतः भरावे.